मी लेतायची लाथगाडी

मी एक लाथगाडी बोलतेय. नाव ऐकून हसू नका. नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्रकाठच्या या गावात मला 'स्पार्क' म्हणतात आणि स्पार्क म्हणजे लाथच. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांच्यावर लाकडी बैठक आणि बैठकीमागे धरायला आडवा दांडा, एवढंच माझं अंग. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पायानं मागे बर्फाला लाथ मारायची, की मी निघालेच. बैठकीवर बाजार ठेवा, पोर ठेवा, नाहीतर म्हातारं माणूस ठेवा. मला चारा लागत नाही, तेल लागत नाही. फक्त थंडी लागते, आणि ती इथं पोटभर मिळते.

साठेक वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात हाल्व्दान नावाच्या सुतारानं मला घडवलं. वाफेवर लाकूड नरम करून त्यानं माझी पाठ वाकवली. तो बोलायचा फार कमी. गाडी मनासारखी उतरली की दांड्यावर दोनदा टिचकी मारायचा. मला त्यानं तीनदा मारली. बढाई नाही, घडलं ते सांगते.

तिथून मला या गावात आणलं आस्लाउगच्या नवऱ्यानं. आस्लाउग तेव्हा बावीस वर्षांची होती. बर्फ कडक झाला की घाटापासून चर्चपर्यंतचा उतार ती माझ्यावरून अशी उतरायची की पाद्रीबुवा बाजूला उडी मारायचे. तिची तीन पोरं माझ्यावर बसून मोठी झाली. बोटीवरचे मासे, पिठाची पोती, एकदा तर जिवंत मेंढरू मी वाहिलं. पुढे घरी मोटार आली. मग नवरा गेला, पोरं शहरात गेली, आस्लाउगच्या कमरेचा सांधा बदलावा लागला, आणि मी शेडमध्ये. अकरा वर्षं. फाटकी जाळी, रंगाचे सुकलेले डबे आणि मी. पट्ट्यांवर गंज चढला. हिवाळा आलेला मला आवाजावरून कळायचा. बाहेर बर्फ पायाखाली करकरायला लागला की लाकूड आतून शिवशिवायचं. पण दार उघडायचं नाही.

शेडच्या फटीतून शेजारचं घर दिसायचं. तिथं एका सप्टेंबरात दोन बायका राहायला आल्या. मुलगी आब्रेहेत, चाळिशीची, आणि तिची आई लेताय, अडुसष्ट वर्षांची. मूळच्या एरिट्रियातल्या, मसावा बंदराच्या. तिथून जीव वाचवून निघाल्या, सुदानमध्ये अकरा वर्षं काढली आणि सरकारनं त्यांना या गावात आणून घर दिलं. मसावात म्हणे दुपारी दगडावर हात ठेवता येत नाही. मला ते खरंच वाटेना. दगड आणि गरम?

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला तेव्हा लेताय दारात आली, तळहातावर बर्फ घेतला, बघितला, आणि फेकून देऊन आत गेली. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला. आमच्याकडे तो जातोच. दोन महिने डोंगरामागून वर येत नाही. दुपारी तास-दोन तास निळसर उजेड, मग पुन्हा अंधार. लेकीनं आईला आधी सांगितलं होतं, पण आईला ती थट्टा वाटली होती. आठवडा झाला, दोन झाले. मग एके सकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"देवानं ही जागा पुरी केलेली नाही, आब्रेहेत. अर्धी टाकून गेलाय. आपण इथं काय करतोय?"

"आई, महिनाभर थांब. येतो म्हणतात तो परत."

"कोण म्हणतं? हे लोक? ते तर बोलतच नाहीत."

लेतायनं जेवण कमी केलं. दिवसभर अंथरुणात पडून राहायची, पडदा लावून. ओस्लोहून मावसभाऊ येमाने फोन करायचा. इकडे या, इथं आपली माणसं आहेत, आपलं चर्च आहे. आब्रेहेतची पंचाईत झाली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला कामावर घेतलं होतं, आणि ते काम तिला आवडायला लागलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला 'उद्या कधी येतेस?' असं विचारत होतं. पण आईनं बजावून सांगितलं, "जानेवारी संपेपर्यंत बघते. मग तू ये, नाहीतर येऊ नकोस. मी जाते."

त्याआधी, पहिल्याच बर्फात, आब्रेहेत पडली होती. नवी माणसं बर्फावरही टाच आधी टेकवून, ऐटीत चालतात. इथली माणसं पूर्ण तळवा टेकवून, बदकासारखी चालतात आणि त्यात त्यांना लाज वाटत नाही. दुकानासमोर तिचा पाय सटकला, दुधाचे खोके फुटले, मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी धास्ती निघाली नाही. भिंत धरून, कुंपण धरून कामाला जायची. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास.

आस्लाउग हे सगळं खिडकीतून बघत होती. आता तीही एक्याऐंशीची. एका दुपारी कुबड्या टेकत ती अंगणात आली आणि आब्रेहेतला हाक मारली.

"ए, इकडे ये! त्या शेडचं दार ओढ. जोरात ओढ, ते रुसलंय."

दार उघडलं. अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, तोही निळा.

"ती लाकडाची बाहेर काढ. हां, तीच. घे. तुझी."

"नको, आदै आस्लाउग," आब्रेहेत म्हणाली. आदै म्हणजे त्यांच्याकडे आई. इथं लहानथोर सगळे एकमेकांना नावानं, अरेतुरेनं हाक मारतात, पण एवढ्या वयाच्या बाईला नुसतं नावानं हाक मारायला तिची जीभ वळायची नाही. "तुमची वस्तू आहे. तुमच्या पोरांची."

"माझी पोरं गरम पाण्याच्या समुद्रावर सुट्टी काढतात. त्यांना कशाला हवी? घासकागद आण."

दोन दिवस आब्रेहेतनं माझा गंज घासला. पट्ट्यांना मेणबत्ती चोळली. ढिले स्क्रू पिळले. काय सांगू, अंगात पुन्हा जीव आल्यासारखं वाटलं. मग शिकवणी सुरू झाली. आस्लाउग पायरीवर बसून ओरडायची, आब्रेहेत अंगणात माझा दांडा गच्च धरून उभी.

"लाथ मार!"

"मारते!"

"ही लाथ? याला गोंजारणं म्हणतात. ज्यानं तुला जास्तीत जास्त छळलं असेल ना, तो मागे उभा आहे असं समज!"

आब्रेहेतनं दांडा पुन्हा आवळला. कोण आठवलं कोण जाणे, पण पुढची लाथ अशी बसली की मी थेट कुंपणात. दोघी पोट धरून हसल्या. त्या हिवाळ्यात त्या घरासमोर पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. आतल्या खोलीचा पडदा किंचित हलला. मी पाहिला.

आठ दिवसांत आब्रेहेत कामाला माझ्यावरून जाऊ लागली. हातात दांडा असला की पडायची भीती राहत नाही, हे तिच्या तळव्यांना कळलं. पाऊण तासाची वाट सात मिनिटांवर आली. पण लेताय बाहेर यायला तयार नव्हती. जानेवारीचे दिवस भराभर चालले होते.

मग सूर्याचा दिवस आला. डोंगराच्या खिंडीतून तो पहिल्यांदा दिसतो तो दिवस. शाळा सुटते, दुकानं बंद होतात, आणि अख्खा गाव चर्चमागच्या टेकडीवर चढतो. तो दिसतो जेमतेम चार-पाच मिनिटं. ढग आले तर तेवढाही नाही. सकाळपासून दारावरून माणसं जात होती. आब्रेहेतनं आईला विनवलं, रागावली, रडायच्या बेताला आली. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"तू जा. बघून ये. मला सूर्य दाखवायला नेणार! लहान पोर आहे का मी?"

तेवढ्यात आस्लाउग आली. मेंढीचं कातडं माझ्या बैठकीवर अंथरलं, कुबड्या आडव्या ठेवल्या आणि खिडकीसमोरच ऐसपैस बसली. मोठ्यानं म्हणाली, "तिला यायचं नसेल तर मला ने!"

आब्रेहेतनं आईला त्याचा अर्थ सांगितला. पडदा बाजूला झाला. दोन म्हाताऱ्यांनी काचेतून एकमेकींना नीट न्याहाळलं.

"ती लंगडी बाई जाणार?" लेताय म्हणाली. "आणि मी धडधाकट इथं लोळू? उठव तिला. माझी शाल कुठाय?"

आस्लाउग लगेच उठली. इतकी पटकन, की मला तेव्हाच सगळं कळलं. तिनं स्वतः वाकून, कण्हत, लेतायच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले. आब्रेहेतनं कॉफीची मातीची सुरई फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि आस्लाउगला दारात सोडून आम्ही निघालो.

सपाटीवर मी मजेत गेले. पण टेकडीचा चढ मला ठाऊक होता. अर्ध्यावर वाट चकचकीत झाली होती. आब्रेहेतचा मोडलेला हात ठणकू लागला, दम लागला, आणि एका वळणावर तिचे पाय सुटले. ती गुडघ्यांवर आली आणि मी मागे घसरू लागले. हातभर. दोन हात. खाली वळण, वळणापलीकडे खडक. साठ वर्षांत माझ्यामुळे कुणाला इजा झाली नव्हती. आब्रेहेत दांड्याला लोंबकळून मला अडवत होती.

"आई, घट्ट धर!"

लेतायनं धरलं नाही. तिनं दोन्ही पाय खाली टेकले. खिळे बर्फात करकचून रुतले आणि मी थांबले. ती उठली. या देशात येऊन पाच महिने झाले होते. पहिल्यांदा ती बर्फावर स्वतःच्या पायांवर उभी होती. खाली बघितलं, पाय आपटून बघितले.

"धरतंय की," ती म्हणाली. मग लेकीला दंडाला धरून उठवलं. "सरक. एकटीनं कशाला ओढतेस सगळं? सवयच लागलीये तुला."

मग दोघींनी मिळून माझा दांडा धरला. आई डावीकडे, लेक उजवीकडे, आणि बैठकीवर कॉफीची सुरई. तशा आम्ही वर पोचलो.

वर दीडएकशे माणसं उभी होती, हातात गोड पाव, तोंडातून वाफ, आणि शब्द नाही. आमची माणसं अशीच. खिंडीच्या कडेला सोनेरी रेघ उमटली. ती फुगली, आणि सूर्याची एक चकती बाहेर आली. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले.

लेतायनं शाल डोक्यावरून घेतली. मान वर केली. आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की माझी लाकडं थरथरली. जीभ नाचवत काढलेला लांब, उंच, थरथरता नाद. त्यांच्याकडे लग्नात, बारशात बायका असाच काढतात. आब्रेहेतनं तो उचलला. डोंगरानं तो परत दिला.

गाव दचकला. इथं लग्नातही कुणी आवाज चढवत नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी टेकडी टाळ्या वाजवू लागली. गावातल्या सगळ्यात अबोल कोळ्यानं, इव्हारनं, टोपी काढून हवेत उडवली आणि ती कड्यावरून खाली गेली. तो नुसता हसत राहिला. लेतायनं सुरईतली कॉफी इवल्या पेल्यांतून वाटली. तिच्या हातात लोकांनी एवढे पाव ठेवले की तिला नको म्हणावं लागलं. पण तीन खाल्ले. मी मोजले.

उतरताना ती पुन्हा माझ्यावर बसली. आब्रेहेत मागे पट्ट्यांवर उभी.

"हळू हं," आई म्हणाली.

मी सुटले. वारा कानांत शिट्ट्या मारू लागला. पहिल्या वळणावर लेतायनं देवाचं नाव घेतलं. दुसऱ्यावर डोळे उघडले. तिसऱ्यावर मागे वळून ओरडली, "पाय कशाला घासतेस? जाऊ दे की तिला!"

घरी आल्यावर येमानेचा फोन वाजला. लेतायनं स्वतः घेतला.

"नाही येत. तुझ्या ओस्लोत सूर्य रोज उगवतो, त्याला बघायला कोण जातं? इथं अख्खा गाव जातो. आणि ऐक, पुढच्या महिन्यात तूच ये इकडे. जाड चड्डी घालून ये."

याला आता तीन हिवाळे झाले. आब्रेहेत वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळते. आणि मी लेतायची. ती एकाहत्तरची आहे आणि माझ्यावरून एकटी दुकानात जाते, उतारावर बूट न घासता. गेल्या पानगळीत गावात आणखी चार कुटुंबं आली, काँगोची, सीरियाची. नगरपालिकेच्या बाईंनी लेतायला विचारलं, यांना बर्फावर चालायला शिकवाल का? तिला नॉर्वेजियन वीस शब्द येतात. शनिवारी शाळेच्या अंगणात ती त्यांना रांगेत उभं करते आणि त्यातला एकच शब्द ओरडते. तोच, माझं नाव. स्पार्क! म्हणजे लाथ मार!

माझा रंग उडालाय, डावी पट्टी थोडी वाकलीय. तक्रार नाही. उत्तरेला नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगते, हिवाळा संपायला किती दिवस राहिले ते मोजत बसू नका. दार उघडा, बाहेर या, काहीतरी धरा, आणि पाय टेकवून बघा. बर्फ धरतो.

बरंय, निघते. शनिवार आहे. अंगणात सात जण गारठून उभे आहेत, आणि लेतायला उशीर झालेला खपत नाही.