ही काय, इथंच

बेलार्मिनोने उभ्या आयुष्यात कुठल्याही जागेला 'लांब' म्हटलं नव्हतं. पोर्तुगालच्या दक्षिणेला, आलेंतेजुत, तसं कुणीच म्हणत नाही. वाट विचारणाऱ्याला लांब आहे म्हणून सांगायचं म्हणजे त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. त्यामुळे जुलैतल्या त्या सकाळी दोना एर्मेलिंडाबाईंनी "आंता कुठंशी आली हो?" असं विचारलं, तेव्हा त्याने बाकावरून न उठता नुसती हनुवटी पुढे केली.

"आंता? ही काय, इथंच. टेकडी उतरलात की आलीच."

बाई निघाल्या. पोर्तूच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, डोक्यावर गवती टोपी. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या आंतेच्या चार उभ्या धोंड्यांवर एक आडवा धोंडा कुणी आणि कसा चढवला असेल, हे मरायच्या आत एकदा बघायचंच, असा त्यांचा हट्ट होता. बेलार्मिनोच्या बहिणीने, झुल्मिराने, घराला चुना देऊन दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या होत्या. बाई तिच्या पहिल्याच पाहुण्या.

जेवणाची वेळ झाली तरी बाईंचा पत्ता नाही. झुल्मिरा एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"काय रे, बाई कुठं गेल्या?"

"आंता बघायला. मीच वाट सांगितली."

"काय सांगितलंस?"

"इथंच आहे म्हणून."

झुल्मिराने कपाळावर हात मारला. "अरे, एवढा घोडा झालास! दोन टेकड्या आणि मधे कोरडा ओढा, याला इथंच म्हणतात? त्यांची पाण्याची बाटली टेबलावर तशीच राहिलीय. आपले बाबा विसरलास का?"

तो विसरला नव्हता. असल्याच उन्हात गहू कापता कापता बाप आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. बाईंना फोन लावावा, तर ओढ्याकडे रेंजच नसते. त्याने बाटली उचलली आणि मोपेड बाहेर काढली.

"पेट्रोल आहे का त्यात?" झुल्मिरा ओरडली.

"एवढ्याला कशाला लागतंय पेट्रोल? इथंच तर..." पुढचं त्याने गिळलं.

पहिल्याच टेकडीवर मोपेडने आचके दिले आणि मान टाकली. ती तिथेच झुडपाला टेकवून तो चालू लागला. लहानपणी या वाटेने बैलगाडीत लोळत गेला होता, मोठेपणी मोपेडवरून. पायी असा कधी नाहीच. वाट आपली संपायलाच तयार नाही. वळण घेतलं की पुढे वळण, वर डोक्यावर निखारे, आणि खाली करपलेलं गवत. घशाला कोरड पडली तरी बाटलीचं झाकण उघडायला त्याचा हात धजेना. 'इथंच काय! जीभ झडली कशी नाही तुझी!' तो स्वतःलाच मोठमोठ्याने शिव्या देत होता.

शेवटी एकदाचे धोंडे दिसले. सावलीत कुणी नव्हतं. उभ्या धोंड्याला टेकवलेल्या काठीवर बाईंची टोपी तेवढी अडकवलेली होती.

"बाईऽ! ओ बाईऽ!"

लग्नानंतर चर्चची पायरी न चढलेल्या बेलार्मिनोने आठवतील तेवढ्या संतांना हाका मारल्या.

संतांनी नाही, पण तळलेल्या मासळीच्या वासाने ओ दिली. पाठोपाठ हसण्याचा आवाज. तो धडपडत बुचाच्या झाडांकडे पळाला. झाडांची साल सोलणारी माणसं सावलीत जेवायला बसली होती. सोललेल्या सालींच्या ढिगावर, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून, हातात गास्पाशोच्या गार सूपचा वाडगा घेऊन दोना एर्मेलिंडाबाई बसल्या होत्या.

"या, या!" बाई म्हणाल्या. "टोपी दिसली ना? कुणी शोधत आलंच तर कळावं म्हणून ठेवली. यांना विचारलं, गाव किती लांब, तर हेही म्हणतात इथंच! म्हटलं, आता मेले तरी इथून उठायची नाही."

"मग खोटं काय सांगितलं?" मुकादम कुस्तोदियो म्हणाला. "इथंच तर आहे."

बेलार्मिनो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "बाई, तुम्ही जिवंत आहात!"

"आहे की. तुमच्या कृपेने मात्र नाही हं," बाई म्हणाल्या आणि आपला वाडगा त्याच्यापुढे केला. "घ्या आधी हे. तुमचंच तोंड काळंठिक्कर पडलंय."

तो घटाघटा प्यायला. इतकं गोड त्याला आजवर काही लागलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर साली भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्या माणसांबरोबर दोघं बसली. टेकडीवर रेंज आली तसा बेलार्मिनोचा फोन वाजला. झुल्मिरा आधी रडली, मग भावाचा तिने असा उद्धार केला की ट्रॉलीतली सगळी माणसं कान देऊन ऐकत राहिली.

फोन ठेवला. बाई दमल्या होत्या. डोळे मिटत त्यांनी विचारलं, "अजून किती आहे हो?"

समोर गावची पांढरी घरं दिसत होती. झुल्मिरा दारात उभी होती, तीही दिसत होती. सगळी माणसं बेलार्मिनोकडे बघायला लागली.

"लांब आहे, बाई," तो म्हणाला. "फार लांब आहे. टेकून बसा जरा."