डागकाकूचे चाळीस कोटी

सतरा वर्षांत डागकाकूच्या एकाही कपड्यावरचा डाग निघाला नाही, आणि त्या कमाईवर तिनं दोन खोल्यांचं घर घेतलं. धंदाच तसा होता. साबणाच्या जाहिरातीत दोन बायका लागतात. एक शहाणी, तिचे कपडे पांढरेशुभ्र निघतात; दुसरी शेजारीण, ती चुकीचा साबण वापरते. शहाण्या बायका दर वर्षी बदलत. त्या देखण्या असत, लग्न करून जात, नाहीतर सिनेमात जात आणि तिथून कुठंच जात नसत. शेजारीण मात्र कायम एकच, डागकाकू. ती सदरा उजेडाकडे धरायची, डाग बघायची आणि असा चेहरा करायची की वाटावं, हिच्या सात पिढ्यांची अब्रू गेली. एकदा तो चेहरा बघून कॅमेरावाला इतका हसला की कॅमेऱ्यासकट खिडकीबाहेर पडला. तळमजला होता म्हणून वाचला. कुणाला खोटं वाटत असेल तर ती खिडकी अजून आहे.

नवरा गेल्यापासून तिचा व्यवहार धाकटा दीर बघत असे. कलाकारानं आपला भाव आपल्या तोंडानं सांगायचा नाही, असा त्या धंद्यात रिवाज. भाव सांगायला दुसरं माणूस लागतं, आणि त्या माणसाकडे निदान एक कोट लागतो. दिराकडे कोट होता. बाकी फारसं काही नव्हतं.

कलाकारांची कमाई छापणाऱ्या एका वेबसाइटचा त्याला फोन आला. काकूबद्दल चार ओळी हव्यात आणि एक फोटो. दिरानं सगळ्यात झकास फोटो शोधून पाठवला. एका बँकेच्या जाहिरातीत काकूला बक्षीस लागतं आणि ती धाडकन बेशुद्ध पडते, त्यातला. हातात दारापेक्षा उंच चेक, थर्माकोलचा, त्यावर चाळीस कोटींचा आकडा. वेबसाइटवाल्यानं आकडा वाचला, शून्यं मोजली आणि ठोकून दिलं: एका कामाचे चाळीस कोटी.

"अहो भावजी, फोन करून सांगा त्यांना, तो चेक खोटा आहे म्हणून," काकू म्हणाली.

"कशाला वहिनी? फुकटचा मान मिळतोय. घ्यावा."

मान मिळाला हे खरंच. लिफ्टवाला उठून उभा राहू लागला. बावीस वर्षं न दिसलेला चुलतभाऊ सहकुटुंब येऊन तीन दिवस राहिला आणि जाताना खोल्या मोजून गेला, उरलेल्या कुठं लपवल्यात म्हणून. भाचीच्या सासूनं भाचीला चक्क खुर्ची दिली. दातांचा डॉक्टर काकूची एकच दाढ चार वेळा बघायला लागला.

फक्त काम बंद झालं. एरवी महिन्यातून चार दिवस तरी काकू कुणाच्या ना कुणाच्या सदऱ्यावरून रडवेली व्हायची. आता आठ महिने झाले, फोन नाही. चाळीस कोटींच्या बाईला शेजारीण म्हणून बोलवायचं धाडस कोण करणार? अठ्ठावन्नाव्या वर्षी या धंद्यात आठ महिने काम नाही म्हणजे पुढं कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यात मेकअपवालीनं फोन करून सांगितलं की साबणवाले गुरुवारी नवी शेजारीण निवडतायत.

"मी जाते आणि खरं काय ते सांगते," काकू म्हणाली.

दिरानं कपाळाला हात लावला. "स्वतःच्या तोंडानं भाव सांगणार? आणि तोही खरा? वहिनी, आज लोक तुम्हाला वचकून असतात. उद्या लिफ्टवाला बसल्या जागेवरून पायानं बटण दाबेल."

"दाबू दे. मी जिन्यानं जाईन."

गुरुवारी ती साबणवाल्यांच्या कचेरीत गेली. काचेच्या खोलीत लांब टेबल, त्यामागे दिग्दर्शक, त्याचे दोन मदतनीस आणि कानावर पेन ठेवलेला जुना मॅनेजर. पूर्वी हाच दिग्दर्शक तिला बघून "काकू, या, बसा" म्हणायचा. आज तो उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"मॅडम कोण रे? मी काकू. शेजारीण निवडताय म्हणे."

"काय सांगू, आमचं सगळं बजेट तुमच्या एका चपलेला पुरायचं नाही."

"माझा भाव रोजचे अठरा हजार. गेल्या वर्षी होता तोच."

खोलीत जो हशा उठला म्हणता! दिग्दर्शकानं टेबलावर थाप मारली, पाण्याचा जग आडवा झाला.

"क्या बात है! अठरा हजार!"

"अरे, विनोद नाही करत मी."

ते आणखी हसले. एक मदतनीस डोळे पुसत बाहेर गेला आणि दाराशी जाऊन पुन्हा हसायला आत आला. काकूची पंचाईत अशी की तिचा खरोखरचा रडवेला चेहरा आणि धंद्यातला रडवेला चेहरा एकच होता. ती जितकी कळवळून बोले, तितकी यांची पोटं दुखत. सतरा वर्षं घासूनपुसून तयार केलेलं हत्यार तिच्यावरच उलटलं होतं. शेवटी तिचं डोकं फिरलं. पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली आणि मागं वळून म्हणाली,

"नसेल बोलवायचं तर नका बोलवू. पण मागच्या वेळी अंगावर माझेच कपडे होते, त्यांच्या धुलाईचे दीडशे अजून यायचेत. कॉफी ओतलीत तुम्ही."

मॅनेजरचं हसू तोंडातच थांबलं. तीस वर्षं त्यानं कलाकारांचं येण्याजाण्याचं भाडं आणि धुलाई चुकती केली होती. माणूस खरं कधी बोलतं हे त्याला पक्कं कळत असे.

"साहेब, या बाई खरं बोलतायत."

"कशावरून?"

"चाळीस कोटींचं माणूस एकतर फुकट काम करतं, नाहीतर हेलिकॉप्टर मागतं. धुलाईचे दीडशे मागत नाही."

"पण धुलाईला बाहेर कशाला द्यायचे, काकू?" दिग्दर्शक म्हणाला. "आपला साबण होता की!"

"त्यानंच धुतले आधी. डाग निघाला नाही."

मॅनेजरनं उठून दार लावून घेतलं.

आणि आता गंमत बघा. चाळीस कोटींच्या बाईपुढे उठून उभा राहिलेला तो दिग्दर्शक खुर्चीत मागं रेलला, पाय पसरले आणि म्हणाला, "काकू, यंदा जरा तंगी आहे. पंधरा करू या."

"अठरा."

"सोळा. जेवण आमचं."

"जेवण नेहमीच तुमचं असतं. अठरा, आणि ते दीडशे आत्ता."

मॅनेजरनं दीडशे टेबलावर ठेवले. काकूनं सही केली.

घरी येऊन तिनं स्वतःच वेबसाइटवाल्याला फोन लावला आणि चेक थर्माकोलचा होता हे नीट तीनदा सांगितलं. त्यानं तत्परतेनं दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत आलं: डागकाकूचे चाळीस कोटी बुडाले.

झालं. सकाळपासून माणसांची रीघ लागली. चुलतभाऊ सहकुटुंब आला, पण या खेपेला बसला नाही, उभ्याउभ्याच हळहळला. भाचीच्या सासूनं, "पैसा काय, हातचा मळ," असा फोनवर धीर दिला. दातांचा डॉक्टर स्वतः येऊन गेला. मागच्या दोन वेळांचं बिल तो सोबतच घेऊन आला होता. दीर कोट घालून दाराशी बसला होता. कोणी विचारलं, "कशात हो घातले होते एवढे?" की तो जडपणे मान हलवून म्हणे, "आता ते उगाळून काय उपयोग?" दुपारपर्यंत त्याचा आवाज खरोखरच भरून येऊ लागला.

"आणि वहिनी कुठंयत? आत पडून आहेत का?"

वहिनी सकाळी सातलाच शूटिंगला गेल्या होत्या. नवी शहाणी बाई बावीस वर्षांची होती आणि तिचं वाक्य पाठ होईना, म्हणून अकरा टेक झाले होते. काकू बाराव्यांदा सदरा घेऊन उजेडाशी उभी राहिली, आणि मग मान वळवून मॅनेजरला म्हणाली, "अहो, डाग जरा मोठा घ्या. एवढ्यावर किती रडणार माणूस?"