पाच बेडचा वॉर्ड

"अगं, चाळीस बेडचा वॉर्ड सांभाळलाय मी. एकतीस वर्षं! एकाही पेशंटच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. आणि तू मला पाच कोंबड्यांचं सांगतेस?"

सिस्टर टॅक्सीच्या खिडकीत वाकून बोलत होत्या. आत त्यांची मुलगी मांडीवर बॅग घेऊन बसली होती. नवी नोकरी लागली होती, गाव लांबचं होतं. पण तिचे डोळे आईकडे नव्हते, मागच्या अंगणातल्या खुराड्याकडे होते.

"आई, दोनच गोष्टी बघ. खालची पथारी आणि पाणी. काय घालायचं, कशात पाणी ठेवायचं ते तू ठरव, पण पथारी कोरडी पाहिजे. महिन्याने येते मी, रविवारी. तुला झेपत नसेल तर सांग. मैत्रिणीचं फार्म आहे, तिकडे नेऊन ठेवते."

"झेपत नसेल म्हणे! निघ तू."

टॅक्सी गेली. सिस्टर कंबरेवर हात ठेवून खुराड्याकडे वळल्या, तेव्हा पाचातल्या तीन कोंबड्या पाण्याच्या परातीत उभ्या होत्या.

सिस्टरना रिटायर होऊन सात महिने झाले होते. गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणायची, यजमानसुद्धा. घरात सांभाळण्यासारखं मात्र काही उरलं नव्हतं. यजमान होते, पण त्या माणसाने पस्तीस वर्षांच्या संसारात कधी साधा ताप आणला नव्हता. पोस्टातून निवृत्त होतानाही तब्येत ठणठणीत. हा कृतघ्नपणा सिस्टर विसरल्या नव्हत्या. तेव्हा कोंबड्या फार्मवर गेल्या तर सकाळी सहाला उठून करायचं काय, हा खरा प्रश्न होता, आणि तो त्यांनी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

संध्याकाळपर्यंत मुलीने ठेवलेली लाडाची नावं रद्द झाली. कोंबड्या आता बेड नंबर एक ते पाच होत्या.

पथारी म्हणून सिस्टरांनी आधी मेणकापड अंथरलं, त्यावर जुनी पांढरी चादर. चारी कोपरे असे घट्ट दुमडले की नाणं टाकलं तर उडावं. कोंबड्या आत गेल्या आणि घसरगुंडीवर सोडल्यासारख्या एका कोपऱ्यात जमा झाल्या. दुसऱ्या दिवशी चादरीच्या चिंध्या होत्या, आणि बेड नंबर पाच पायात दोरा गुंडाळून पतंगासारखी अडकली होती.

"वर्तमानपत्र घाला," यजमान म्हणाले. "फुकट आहे."

वर्तमानपत्र घातलं. अर्ध्या तासाने यजमान खुराड्यात डोकं घालून पालथे पडलेले सापडले.

"अहो, काय करताय?"

"शब्दकोडं राहिलं होतं. आडवा सातवा शब्द दिसतोय, पण तुझी चार नंबर त्यावर बसली आहे. उठव की तिला."

तेही गेलं. मग सिस्टर शेजारच्या सुताराकडे पोतं घेऊन गेल्या. सुतार रंधा मारत होता. पायाशी लाकडाच्या सालपटांचा ढीग, आणि करवतीखाली मऊ, पिठासारखा भुसा.

"सालपटं न्या, सिस्टर," तो म्हणाला. "भुसा नको. बारीक असतो, नाकात जातो. आणि पाणी धरून ठेवतो."

"हे बघ, मऊ गादी कशाला म्हणतात ते मला नको सांगूस. भुसाच भर."

"तुमची मर्जी. आपण काय, लाकडं कापणारी माणसं."

दोन दिवसांत पाचही पेशंटांना शिंका लागल्या. दुसरी कुणी असती तर भुसा काढला असता. सिस्टरांनी वाफारा दिला. खुराड्यावर चादर टाकून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, आणि बेड नंबर दोनने ते पहिल्या मिनिटाला लवंडलं. यजमानांच्या पायाला फोड आला. सिस्टरांनी तो इतक्या प्रेमाने ड्रेस केला की यजमान घाबरले.

पाण्याचीही तीच गत. परातीत कोंबड्या आंघोळ करत, म्हणून परात बाद. सिस्टरांनी ट्रंकेतून सलाइनची नळी काढली, धुऊन उकळून छपराला बाटली टांगली, खाली ड्रेसिंगचा वाकडा ट्रे. मिनिटाला वीस थेंब, घड्याळ लावून. "ताजं पाणी, सतत," त्या यजमानांना म्हणाल्या. "फार्मवाल्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल."

ते खरं होतं. कोंबड्या मिनिटाला वीस थेंब पीत नाहीत. ट्रे भरला की पाणी कडेवरून गुपचूप भुशात जाई. सिस्टर रोज सकाळी जुन्या भुशावर नवा भुसा पसरत. ही हॉस्पिटलची सवय. मोठे डॉक्टर राउंडला येण्याआधी वरची चादर पांढरीशुभ्र हवी. चादरीखाली बघायला कुणी मोठा डॉक्टर वाकत नाही. खुराडं दिसायला लग्नाच्या मांडवासारखं होतं. फोनवर मुलीने विचारलं, की सिस्टर म्हणत, "कोरडं खडखडीत!" आणि वरून हात फिरवला तर ते खोटंही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बेड नंबर तीन एका पायावर उभी राहिली. सिस्टरना वाटलं, ऐट. दुसऱ्या दिवशीही एकाच पायावर. त्यांनी तिला उचललं, उलटं केलं, पंजा बघितला. तळव्याला सूज, मधोमध काळी खपली.

त्या तिला मांडीवर घेऊन पालथ्या बादलीवर बसल्या.

"चप्पल चावली असेल," यजमान म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी मुकाट्याने जाऊन पायात बूट घातले. "चल, दवाखान्यात नेऊ."

जनावरांचा डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने पंजा दाबला.

"ओल्यावर उभं राहून राहून झालंय हे. तळव्याची जखम. पथारीत खालपर्यंत हात घालून बघता का कधी?"

"वरून बघते."

"वरून काय, सगळंच छान दिसतं. जाड सालपटं घाला, चांगली वीतभर. रोज उलथी करा, ओलं दिसलं की काढून टाका. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे सांडत नाही. कुणी सांभाळतं ह्यांना?"

"मीच."

"तुम्ही काय करता?"

यजमानांनी अभिमानाने तोंड उघडलं. सिस्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते मिटलं.

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "घरीच असते."

डॉक्टरने खपली काढून मलम लावलं, आणि पट्टी बांधायला लागला. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा सिस्टरांनी त्याच्या हातातून पट्टी घेतली, बोटांमधून आठाच्या आकड्यासारखी फिरवली, गाठ मारली. डॉक्टर पट्टीकडे बघत राहिला, मग सिस्टरांकडे. पण बाहेर बकरी ओरडत होती, आणि विचारायचं राहून गेलं.

परत येताना सिस्टर सुताराच्या दारात थांबल्या. काखेत बेड नंबर तीन.

"मी म्हटलं होतं ना, सिस्टर."

"म्हटलं होतंस. आता दोन पोती सालपटं दे."

त्या दिवशी खुराडं तळापासून उपसलं. भुशाखाली जे होतं त्याचा वास घेऊन यजमान कुंपणापर्यंत गेले आणि तिथूनच मदत करू लागले. दुकानातून पाण्याची दोन भांडी आणली, वर डबा, खाली लाल ताटली. डबा भरून उलटा करायचा, ताटलीत लागेल तेवढंच पाणी उतरतं.

"आयुष्यभर ऐकलं, पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे फुकट," यजमान म्हणाले. "आणि इथे पैसे देऊन पालथा घडा घेतला."

"टेप धरा. पाठीची उंची घ्यायची आहे."

"कुणाची?"

"तुमची नाही."

एक भांडं बुटक्या दोघींसाठी, एक उंच तिघींसाठी. सिस्टर दिवसातून चार वेळा भांडी घासून भरू लागल्या आणि सकाळ-संध्याकाळ कोपरापर्यंत हात सालपटांत घालू लागल्या. खालपर्यंत.

रविवारी मुलगी आली, ती मैत्रिणीची गाडी घेऊन. मागच्या सीटवर रिकामा पिंजरा होता. सिस्टरना तो फाटकातूनच दिसला.

मुलगी सरळ खुराड्याशी गेली. "हिच्या पायाला काय झालं?"

"लागलं असेल काहीतरी," यजमान घाईघाईने म्हणाले. "खेळताना."

"काही खेळताना नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं. पथारी खालून ओली होती. मी वरूनच बघत राहिले. फोनवर तुला कोरडी म्हटलं, ते चुकलं माझं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आता भरत आलीये जखम. घेऊन जायच्या असतील तर जा. फक्त पट्टी एक दिवसाआड बदलायला सांग. आणि आठाच्या आकड्याची."

मुलगी गुडघ्यावर बसली, बाही वर केली, पथारीत पार तळापर्यंत हात घातला, मूठ भरून वर काढली आणि दाबली. मूठ उघडली तशी सालपटं एकेक सुटी होऊन खाली पडली. बेड नंबर तीन दोन्ही पायांवर चालत आली आणि त्यात चोच मारायला लागली.

"पिंजरा काढते गाडीतून," मुलगी म्हणाली. सिस्टरांनी पदराला हात पुसले. "माझं सामान ठेवायला जागाच नाही मागे. ह्या राहू देत इथेच."

सिस्टर म्हणाल्या, "चहा टाकते." आणि चुकून परसाच्या नळाकडे गेल्या.

निघायच्या आधी मुलीने डिकीतून एक खोकं काढलं. आत आपोआप भरणारं पाण्याचं भांडं होतं, नळी एकदा नळाला जोडली की पाणी उतरेल तसं भरायचं. "दिवसातून चार वेळा भांडी भरत बसू नकोस, आई. ह्याला बघावंच लागत नाही."

सिस्टरना काहीतरी म्हणायचं होतं. पण मुलगी इतक्या उत्साहाने नळी जोडत होती, की त्या म्हणाल्या, "छान आहे हो." जुनी दोन्ही भांडी त्यांनी धुऊन माळ्यावर ठेवली.

सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला, तेव्हा सिस्टर अंगणातच होत्या. पाचही कोंबड्या खुराड्याच्या छपरावर ओळीने बसल्या होत्या. यजमान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नळाचा कॉक शोधत होते.

"आई, चालतंय ना भांडं नीट?"

"उत्तम," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट मजेत आहेत. तू कामाला लाग."

फोनवर बोलता बोलता त्यांची डावी चप्पल तरंगत कुंपणाखालून सुताराच्या अंगणात गेली.