उतरल्यावर बोलतो

ताईने हेडफोन चढवले आणि पुन्हा मोजलं. नऊ सेकंदांत पाच आवाज होते: वारा, कठड्यावर दोनदा आपटलेली साखळी, खाली कुठेतरी चालू असलेलं इंजिन, एक खोकला आणि धाकटा.

"ताई, मला आज चढ…य. उतरल्यावर बोलतो."

मधलं साखळीने आणि वाऱ्याने खाल्लं होतं. कारखान्याच्या धुराड्याला रंग देता देता धाकट्याने हा निरोप बहिणीला पाठवला आणि थोड्याच वेळात तो खाली पडला. निरोपात मात्र तो अजून वरच होता. कितीदाही लावा, उतरल्यावर बोलतो म्हणायचा आणि वरच राहायचा.

आवाज मोजण्याची ही प्रयोगशाळा म्हणजे ताईची नोकरीची जागा. दुपारी आई तिथेच स्टुलावर येऊन बसली होती. समोर चौकशीचे साहेब होते. त्यांची भाषा वेगळी. ते बोलत ते ताई आईला सांगे, आईचं त्यांना.

"मुकादमाने लिहून दिलंय," साहेब म्हणाले. "पोरगा प्यायला होता आणि आपणहून वर गेला. मुकादम शिडीपाशी नव्हताच. पुरावा म्हणून हाच निरोप. आणि तुमच्या आई याच निरोपात ताप ऐकतात. असं कसं?"

"शब्द एकच आहे. चढणं. आमच्याकडे दारूही चढते आणि तापही चढतो."

"आणखी काय काय चढतं?"

"ऊन, विष, गंज, आवाज, बाजारभाव."

"आमच्याकडे चढायला हातपाय लागतात," साहेब म्हणाले. "ताप बिचारा नुसता येतो." ते हसले, मग त्यांची नजर आईकडे गेली आणि त्यांनी खाली बघत चष्मा पुसायला घेतला.

"काय म्हणतायत गं?"

"त्यांच्याकडे ताप चढत नाही म्हणे."

"नशीबवान आहेत. माझ्या पोराला चढला होता, सांग त्यांना. आणि दारूच्या वाटेला ते कधी गेलं नाही, हेही सांग."

ताईने पहिलं सांगितलं, दुसरं गिळलं. भिंत धरधरून घरात शिरणाऱ्या धाकट्याला तिने एकदा सोडून तीनदा पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा आईच्या कानावर काही जाऊ दिलं नव्हतं. निरोपाची एक प्रत दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेलेलीच होती. इथे मोजणीत काही लपवून उपयोग नव्हता.

सगळं शेवटच्या स्वरावर होतं. 'चढलीय' असेल तर दारू, 'चढलाय' असेल तर ताप. प्रत्येक स्वराला एक आकडा असतो. तोंड जितकं उघडं, तितका तो मोठा. धाकट्याचा 'आ' आणि 'ई' कुठून मिळवायचे हा प्रश्नच नव्हता. तिने निरोपातून 'ताई' कापून घेतलं आणि त्याचे दोन तुकडे केले. 'आ' सातशे वीस. 'ई' तीनशे दहा. दोन्ही तुकडे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवताना तिचा हात माउसवर उगाच रेंगाळला.

मग तिने वारा गाळला आणि तो स्वर मोजला.

पाचशे साठ.

"कोणता निघाला?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही नाहीत." तिने 'मला' मधला पहिला स्वर मोजला. पाचशे पंचावन्न. "हा 'अ' आहे. चढलंय."

"म्हणजे ताप ना?" आई म्हणाली.

"नाही आई. दारूही नाही. तो 'चढलंय' म्हणतोय."

"मला चढलंय?" आईने कपाळाला आठी घातली. "काय चढलंय? असं अर्धवट कोण बोलतं?" ती तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत राहिली. ओठ मिटले, उघडले, पुन्हा अर्धवट मिटले. "चढवलंय म्हणाला असेल."

ताईने हेडफोन काढले.

"काय म्हणाल्या त्या?"

"चढला म्हणजे आपणहून. चढवला म्हणजे…" तिला साहेबांच्या भाषेत शब्द सापडेना. तिथल्या चढण्याला दुसऱ्या माणसाचा हात जोडताच येत नव्हता. "म्हणजे दुसऱ्या कुणीतरी त्याला वर जायला लावलं. फरक फक्त मधल्या एका 'व'चा."

साहेबांचं पेन थांबलं. "त्या साखळीखाली तो 'व' आहे?"

"त्याच्यापुरती जागा आहे का ते बघता येईल."

धाकट्याने बोलण्याची ढब आईचीच उचलली होती. तीच घाई, तेच अक्षरं गिळणं. ताईने मायक्रोफोन आईपुढे सरकवला.

"आई, दोन्ही म्हण. आधी चढलंय, मग चढवलंय. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं कसं म्हणू गं?"

तरी तिने म्हटलं. पहिलं टेबलाकडे बघून. दुसरं म्हणताना तिची मान वर गेली, आणि म्हणून झाल्यावरही ती छताकडेच बघत राहिली.

ताईने 'ढ' संपतो तिथे एक रेघ ओढली, 'ल' सुरू होतो तिथे दुसरी. आईच्या 'चढलंय'मध्ये दोन रेघांमधलं अंतर पस्तीस मिलिसेकंद होतं. 'चढवलंय'मध्ये दीडशे.

मग तिने धाकट्याचा शब्द लावला. साखळीचा एक ठोका गाळला, दुसरा गाळला, आणि दोन रेघा ओढल्या. साहेब खुर्ची ओढून पडद्याजवळ आले.

एकशे त्रेचाळीस.