संकष्टीपर्यंतचे पैसे

आमच्या घरात हिशेबाचं काम माझ्याकडे आलं ते मी हुशार म्हणून नव्हे. मी बोईसरला एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. दिवसभर ड्रम मोजतो, म्हणजे पौंडही मोजता येतील, असा घरच्यांचा समज. तेजल, माझी धाकटी बहीण, तिला इंग्लंडमध्ये पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. फीमध्ये सहा हजार पौंडांची शिष्यवृत्तीही होती, पण ती याच वर्षापुरती. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातून कुणी शिकायला समुद्रापलीकडे चाललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

तेजलने दोनशे पानी वही केली होती. खोलीचं भाडं, बसचा पास, गरम कोट, तोही कुणाचा वापरलेला मिळाला तर किती आणि नवा घेतला तर किती. जेवणाला महिन्याला दीडशे पौंड. आईने तो आकडा ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"सुके बोंबील नि सोडे मी देतंय ना बांधून. तिकडं मासळीला पैसे कशाला?"

तेजलने दीडशेचे एकशेतीस केले. आईचं मन राखलं गेलं आणि वहीत वीस पौंड वाचले.

पण वहीतलं बजेट ही एक गोष्ट आणि खात्यात पैसे दाखवणं ही दुसरी. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च मिळून सव्वीस लाख खात्यात दिसायला हवे होते. शिक्षणाचं कर्ज मिळेना. कोळीवाड्यातल्या घराला आमच्या नावाचा कागद नाही, आणि होडी आधीच मच्छीमार सोसायटीकडे गहाण. मग आईचं सोनं गेलं, माझा पीएफ निघाला, बाबांनी गेल्या दोन हंगामांची शिल्लक काढली. तरी सात लाख कमी पडत होते. ते दादूमामाने दिले, पण महिन्याभरासाठीच. त्याला जुलैअखेर होडीचं इंजिन घ्यायचं होतं. हे सात लाख नुसते दाखवायचे होते. तिकडे तेजल हॉटेलात भांडी घासून ते भरून काढणार होती. तेही वहीत होतं.

पालघरचा व्हिसाचा सल्लागार दर्पण वयाने माझ्याहून लहान, पण पायात चकचकीत बूट आणि टेबलावर पृथ्वीचा गोल. त्याने मला तीनदा बजावलं. "अठ्ठावीस दिवस सलग. एक दिवससुद्धा बॅलन्स खाली जाता कामा नये. ते स्टेटमेंट तीस जुलैच्या आत विद्यापीठाला गेलं, तरच ते व्हिसासाठी पत्र देतील."

अठरा जूनला मामाचे पैसे बाबांच्या सफाळ्याच्या खात्यात आले आणि सव्वीस लाख वीस हजार झाले. त्या दिवशी पहिली पाळी करून मी दुपारी घरी आलो. भुकेने जीव चालला होता. बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. मी चपला काढता काढता सांगितलं, "बाबा, आजपासून अठ्ठावीस दिवस खात्याला हात लावायचा नाही."

बाबांनी सुई दातात धरली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "आज सातम. म्हंजे संकष्टीपर्यंत."

मी म्हटलं, "हो." आणि जेवायला बसलो.

ते "हो" मी किती सहज म्हटलं, हे आता रोज आठवतं. ड्रम आत घेताना मी बॅच नंबर दोनदा वाचतो, एक्स्पायरी तपासतो, सही करतो. बापाला मात्र एक तारीख कागदावर लिहून दिली नाही. खरं सांगायचं तर त्यांना तारखेशी कधी देणंघेणंच नव्हतं. कमलाकांत तांडेल म्हटलं की आमच्या बंदरावर घड्याळाचं काम संपतं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हातात. चवथ असेल तर तीन वाजता, आठम असेल तर सहाला. चाळीस वर्षं त्यांची होडी खाडीच्या तोंडावरच्या वाळूत एकदाही रुतली नाही. अशा माणसाला कॅलेंडर कोण शिकवणार?

जुलैत बाबांची तगमग सुरू झाली. हंगाम सुरू व्हायच्या आधी खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते, तिला उचल म्हणतात. उचल ज्याची घेतली त्याच्या होडीवर खलाशी वर्ष काढतो. आमचे खलाशी जव्हारकडच्या डोंगरातले. त्यांच्यातला जुना नवशा दोनदा येऊन गेला. पाऊस लागलेला, भाताची लावणी तोंडावर, घरात पैसा नाही. दुसऱ्या होड्यांचे तांडेल त्यांच्या पाड्यावर जाऊन पैसे वाटत होते.

"संकष्टीपर्यंत थांब," बाबा त्याला म्हणाले. "माज्या पोरीचे पैशे हायत. त्याच्या आदी मी देवालाबी देनार नाय."

नवशा थांबला. बाबाही थांबले. संकष्टीला, म्हणजे चौदा जुलैला, त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. पंधराला सकाळी ते बँकेत गेले आणि नवशाच्या माणसांसाठी एक लाख चाळीस हजार काढून आणले.

शुक्रवारी, अठरा तारखेला, माझी सुट्टी होती. मी आणि तेजल स्टेटमेंट घ्यायला सफाळ्याला गेलो. कागद छापून हातात आला तेव्हा तेजल हसत होती. मग ती बोट ठेवून मोजायला लागली. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

अठरा जून ते चौदा जुलै. सत्तावीस दिवस.

मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं की एक दिवस इकडचा तिकडे होईल का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं. दर्पणला फोन केला. तो म्हणाला, "आजपासून परत धरलं तरी ऑगस्टची चौदा होते. तीस जुलै हातची गेली." विद्यापीठाला तेजलने तिथेच बँकेच्या बाकावर बसून ईमेल लिहिली. सोमवारी उत्तर आलं. फार सभ्य भाषेत होतं. त्यांना वाईट वाटत होतं, नियम त्यांचा नव्हता, तेजलने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, शिष्यवृत्ती मात्र पुढे नेता येत नाही. इतक्या सभ्यपणे नाही म्हटल्यावर भांडायचं तरी कुणाशी?

पण ते नंतर. त्या शुक्रवारी घरी आलो तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"झालं का काम?"

तेजल म्हणाली, "बाबा, एक दिवस कमी पडला."

"नाय," बाबा शांतपणे म्हणाले. "सातम ते चवथ. अठ्ठावीस. मी मोजलंय." आणि त्यांनी आमच्यासमोर परत मोजलं, पेरापेरावर, एकही तिथी न चुकवता. सातम, आठम, नवम, दसम, एकादस. अठ्ठावीसच भरल्या. आई भिंतीवरून कॅलेंडर काढून घेऊन आली. मी जूनचं पान उलटलं आणि एकवीस तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं. दशमी सकाळी संपत होती, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत एकादशीही संपत होती. एकादशीचा क्षय. दोन तिथी, दिवस एकच.

बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. क्षयतिथी त्यांना माझ्याहून जास्त कळते. समुद्रात त्याने काही बिघडत नाही, पाणी तिथीनेच चढतं. बँक तिथीने चालत नाही, एवढंच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं मी होतं.

"मंग मी इचारलं तवा तू हो कशाला म्हनलास?" त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

मी दुसऱ्या दिवशी नवशाकडे जाऊन आलो, काही उपयोग नाही हे ठाऊक असताना. त्याच्याकडे खत आलं होतं, छपरावर नवे पत्रे पडले होते. माझं सगळं ऐकून तो आत गेला आणि चार हजार घेऊन आला. म्हणाला, एवढेच ऱ्हायलेत. मी ते परत त्याच्या हातात दिले. जुलैअखेर मामाचे सात लाख मामाकडे गेले. तेजलने बोईसरला एका प्रयोगशाळेत अठरा हजारांची नोकरी धरली. वही तिने फाडली नाही की लपवली नाही. मागच्या कोऱ्या पानांवर आई आता मासळीच्या टोपल्या लिहिते.

बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेजल तर आधीपेक्षा जास्त गोड बोलायची, आणि तेच त्यांना सहन होत नसावं.

नारळी पौर्णिमेनंतर होडी बाहेर काढायचा दिवस आला. मी रजा काढून बर्फ भरला, डिझेल भरलं. तेजलची दुसरी पाळी होती, कामावर जायच्या आधी ती बाबांचा डबा घेऊन बंदरावर आली. पाणी यायला अवकाश होता. नवशा दोरी आवरता आवरता म्हणाला, "तांडेल, आज सठ. साडेचारला पानी, नाय का?"

सहाची पाऊणपट साडेचार. बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ते येतं. बाबांचा अंगठा पेरांवर गेला, तिथेच थांबला. त्यांनी हात खाली घेतला.

"तेजल बाय," ते म्हणाले, "तुज्या मोबाईलमदी बघ जरा. पानी कवा चढनार?"

तेजलने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून मोबाईल काढला. होडीवरचे सगळे तिच्याकडे बघत होते.

"साडेचार, बाबा."

बाबांनी मान हलवली. डबा घेतला, होडीकडे दोन पावलं गेले आणि परत आले.

"आज तारीख किती?" त्यांनी विचारलं. "नीट बघून सांग."