भाजीबरोबर कृती देणारी वच्छलाबाई

हिवाळ्यातली अकोल्याची सकाळ म्हटली, की मला आधी ओल्या गोणपाटाचा आणि नुकत्याच तोडलेल्या मेथीचा वास येतो, आणि त्या वासामागोमाग वच्छलाबाईचा खणखणीत आवाज. मूर्तिजापूरकडच्या आपल्या मळ्यातून पहिल्या गाडीने ती येते, कॉलनीच्या कोपऱ्यावर निंबाखाली पोतं अंथरते, आणि कोवळ्या उन्हात पालेभाजीवर पाणी शिंपडणारे तिचे ते काळेसावळे, सुरकुतले हात पाहिले, की जन्मभर संस्कृत शिकवूनही 'प्रोक्षण' या शब्दाचा अर्थ आपल्याला आत्ता कुठे कळतो आहे, असं वाटतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

वच्छलाबाई नुसती भाजी विकत नाही. कशी करणार, हे विचारल्याशिवाय जुडी पिशवीत पडत नाही, आणि उत्तर पसंत पडलं नाही तर ती जुडी सरळ टोपलीत परत जाते. गिऱ्हाईक रुसलं तर रुसो, तिला त्याची फिकीर नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझी पत्नी सुमन गेली. पुण्याच्या नितीनने, माझ्या मुलाने, स्पष्टच बजावलं, "बाबा, हिवाळ्यापर्यंत पाहतो. स्वतःचं करून नीट जेवत असाल तर राहा, नाहीतर घर विकून माझ्याकडे चला." सगळ्या संसारात चहापलीकडे मी गॅसजवळ गेलो नव्हतो. पण हे घर मला सोडायचं नव्हतं. म्हणून पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेलो.

"सर, काहून पालक घेऊन राहिले? कराल काय त्याचं?"

"शिजवीन," मी म्हणालो.

ती हसली, अशी हसली की तिच्या डोईवरचा पदर खांद्यावर आला. मग पालक बाजूला सारून तिने मला पहिला धडा दिला, आणि तोही भाजीचा नव्हे, गोळाभाताचा. बेसनात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि सढळ तेल घालून घट्ट गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की त्यात अलगद ठेवून झाकण घालायचं. तिच्या शिकवण्यात वाटी-चमचा नाहीच. ती हवेतच बेसन मळते, हवेतच मीठ सोडते, आणि आपण मुकाट्याने तिच्या बोटांकडे पाहायचं.

"आन सर, खाताना गोळा आदी हातानं कुस्करजा, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी सोडजा. चमच्यानं खासान तं उद्या इथं येऊ नोका!"

पहिल्या दिवशी माझे गोळे विरघळले, भाताचं पिठलं झालं. दुसऱ्या सकाळी खाली मान घालून ते सांगितलं.

"मंग? फेकून देल्लं?"

"नाही, खाल्लं."

"मंग झालं तं!"

त्या तीन शब्दांनी माझी उमेद परतली. पुढे अंबाडीची भाजी आली, तिच्यासोबत ज्वारीच्या कण्या, वर कच्च्या तेलाची धार. आणि ती कुठे खायची तेही ठरलेलं, अंगणात, पाय पसरून, पाठीवर ऊन घेऊन. मी तसाच बसून खाऊ लागलो. शेजारीपाजारी हसत, आणि खरं सांगतो, मलाही मजा वाटे.

पौषात नितीनचा फोन आला, उद्या येतो. काय करावं ते विचारायला धावत कोपरा गाठला. वच्छलाबाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कारली उचलली.

"छे, छे! आमच्या घरात कारलं चालत नाही. लग्नानंतर सुमनने एकदाच केलं होतं, मी ताट सरकवलं."

ती या वेळी हसली नाही.

"माहीत हाये. म्हनून तं सुमनबाई माझ्यापाशी खाये. इथंच बसून, माझ्या डब्यातली कारल्याची भाजी, भाकर हातावर घेऊन. लय आवडे बाईले. तुमाले नाई सांगतलं कधी?"

निंबाची पानं हलत होती, टोपलीतल्या कोथिंबिरीवर ऊन सरकत होतं, आणि मला ते सरकवलेलं ताट आठवलं. स्वतःचीच लाज वाटली.

"मीठ लावून पिळू नोका," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाली. "कडूच ठेवजा. चकत्या तेलात कुरकुरीत परतजा, वरून कच्चा कांदा." आणि तिने आपल्या डब्यातल्या दोन भाकरी मला दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नितीन अंगणात बसलो. पहिल्या घासाला मी डोळे मिटून घेतले, दुसऱ्याला कडूपणातली गोडी जिभेवर हळूहळू उतरली, तिसरा आपण होऊन घेतला.

"बाबा, पास झालात," नितीन हसत म्हणाला. "राहा इथेच. पण कारलं? आपल्याकडे?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. हातावरच्या भाकरीकडे पाहत तो म्हणाला, "आणखी काय काय आवडायचं तिला?"

"उद्या विचारू," मी म्हणालो.

गेलेल्या माणसाची आठवण काळाबरोबर झिजत जाते, अशी माझी समजूत होती. सुमन मात्र गेल्यापासून मला रोज थोडी थोडी नव्याने भेटते आहे.