लाल डबा जरा कडक करा

सुट्टीत पाहुणे येणार म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगात यजमान संचारतो. म्हणजे हे सोफ्यावर बसतात आणि मी काय काय करायचं ते मला सांगतात. यंदा त्यांच्या डोक्यात गारेगार फळांच्या पेयाचं खूळ शिरलं होतं. कुठल्याशा लग्नात प्यायले होते म्हणे. फळं चिरा, मिक्सरमधून काढा, गाळा, डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा, मधूनमधून काट्याने खरवडा, आणि मग ग्लासात भरून वर पुदिन्याचं पान खोचा. त्यातलं पान तेवढं हे खोचणार होते.

मी दोन डबे केले. पिवळ्या डब्यात अननस, संत्रं आणि रम. तो ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींसाठी. लाल डब्यात कलिंगड, लिंबू, भरपूर आलं आणि साखर, बाकी काही नाही. तो माझ्या भावासाठी.

भावाला आम्ही छोट्या म्हणतो. चाळिशी उलटली, केस पांढरे झाले, तरी छोट्याच. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दारूने आधी ती नोकरी घालवली, मग भावजय मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. त्यानंतर तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, आणि आता वर्ष उलटून गेलं तरी थेंबाला शिवला नव्हता. भावजय परत आली ती एका अटीवर. पुन्हा एकदा जरी तोंडाला लावलीस तर मी निघाले, मग मला न्यायला येऊ नकोस, असं तिने माझ्यासमोर त्याला सांगितलं होतं. ती कमी बोलते, पण बोलते ते करते.

तिघं पहिल्यांदाच माझ्याकडे सुट्टीला येणार होती. भावजयीने फोनवर एवढंच विचारलं, घरात बाटली असेल का. मी म्हटलं, असेल, पण ती त्याच्या वाटेला जाणार नाही, जबाबदारी माझी. मी किती ठसक्यात म्हणाले ते अजून कानात आहे.

आता आमच्या वन्सं. ह्यांची धाकटी बहीण, आठवडाभर आधीच येऊन राहिलेल्या. कामाला वाघ, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्यामुळे छोट्याचं प्रकरण त्यांच्या कानावर घालू नकोस, उद्या गावभर होईल, असं ह्यांनी मला बजावलं होतं. बहीण त्यांचीच, तेव्हा मीही मान डोलावली. पिवळा डबा बाहेरच्यांचा आणि लाल घरच्यांचा, एवढंच मी वन्संना सांगितलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी फ्रीजर उघडून पाहिला. लाल डबा मागाहून ठेवला होता, तो अजून नुसता रस्सा. पाहुणे तासाभरात टपकणार, आणि माझी आंघोळ व्हायची होती. मी न्हाणीघराच्या दारातून डोकं बाहेर काढून म्हटलं, "वन्सं, लाल डबा जरा कडक करा हो." फ्रीजरचं बटण मोठं करायचं, दुसरं काय. त्या "करते" म्हणाल्या. मी दार लावून घेतलं.

पाहुणे आले. ऑफिसची मंडळी दिवाणखान्यात पिवळ्या ग्लासांभोवती जमली आणि ह्यांनी पानं खोचून सगळं श्रेय खिशात घातलं. भाचीला सर्दी होती, तिला बर्फ बंद. भावजय तिला निजवायला आतल्या खोलीत घेऊन गेली. छोट्या बाल्कनीत होता. आमच्या दाराची कुरकुर त्याला ऐकवेना, म्हणून बिजागरीला तेल घालत बसला होता. मी त्याला लाल ग्लास नेऊन दिला. डब्यातून चमच्याने अगदी अलगद निघालं होतं, दगड झाला नव्हता, भुसभुशीत. मी स्वतःवरच खूश होते.

छोट्याने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, जमलंय का. तो म्हणाला, छान झालंय, ताई.

थोड्या वेळाने तो आपण होऊन दुसरा ग्लास मागायला आला, आणि मीच भरून दिला, काठोकाठ. मग तो बोलायला लागला. वर्षभर विचारलं तेवढंच बोलणारा माणूस ह्यांच्या साहेबांच्या टकलावर विनोद करायला लागला. साहेबही हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. माझा भाऊ मला परत मिळाला, असं मला वाटलं.

वन्सं ओटा पुसत होत्या. त्यांनी रमची बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वहिनी, मी बरीच ओतली. जास्त तर नाही ना झाली?"

"कशात ओतली?"

"लाल डब्यात. तुम्हीच म्हणालात ना, कडक करा."

"बर्फ, वन्सं. बर्फ कडक करा म्हटलं होतं मी."

त्या आधी हसल्या. मग माझा चेहरा पाहून थांबल्या आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिल्या. मी डबा काढून चमचाभर तोंडात घातलं. आलं झोंबलं, आणि आल्याच्या मागून घशात दुसरं काहीतरी पेटत गेलं. वन्संवर ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं काय? त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आणि दोन्ही ग्लास तर मी माझ्या हाताने दिले होते.

एकच आशा होती. आलं एवढं जहाल पडलं होतं की त्याला कळलंही नसेल. कळलं नसेल तर गुपचूप ग्लास काढून घेऊ, लिंबूपाणी पाजू, झोपवू. भावजयीला काय सांगायचं ते मग बघू.

मी बाल्कनीत गेले आणि दार लोटलं. छोट्या कठड्याला टेकून उभा होता. ग्लास पुन्हा भरलेला होता. हा तिसरा मी दिलेला नव्हता.

मी म्हटलं, "छोट्या, तो ग्लास दे. चूक झाली रे. त्यात रम पडलीय."

"पहिल्याच घोटाला कळलं होतं मला."

"मग टाकून का नाही दिलंस?"

"तू दिलंस ना, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं, ताईला वाटतंय की मी आता बरा झालोय."

आतल्या खोलीची कडी वाजली, आणि भावजय हळू आवाजात वन्संना विचारत होती, हे कुठे आहेत. मी ग्लास धरला आणि ओढला. छोट्या माझ्याकडे बघून लहानपणीसारखं हसत होता, आणि ग्लास सोडत नव्हता.